यादीत ट्रेड आहे, पण तुझे कागद काय म्हणतात?

पत्र

सर, नमस्कार. मी यावल तालुक्यातला. वय २९. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो आणि सात वर्षांपासून जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पहिली अडीच वर्षं ठेकेदाराकडे होतो, मग कंपनीच्या हजेरीवर आलो. पगार बावीस हजार. लग्न झालंय, दोन वर्षांची मुलगी आहे. पत्नी बी.एस्सी. नर्सिंग, जळगावलाच एका खासगी हॉस्पिटलात चार वर्षं नोकरी करते. एका एजंटने सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या यादीत इलेक्ट्रिशियन आहे, त्यामुळे पीआर (कायम राहण्याची परवानगी) पक्की. कंपनी स्पॉन्सर करेल, वर्षात काम होईल. साडेचार लाख सांगतो, त्यातले दीड आधी. अनुभवाच्या दाखल्यात काही कमी पडलं तर 'ते आम्ही बघून घेऊ' म्हणतो. यादीचा फोटो सोबत जोडला आहे. वडील म्हणतात, तीन एकर केळी आहे, एक एकर गहाण टाकू. काय करू?
एक वाचक, यावल तालुका

उत्तर

भाऊ, सगळं बरं शे ना? ही आमच्या धुळ्याकडची बोली. तुमच्या यावल-रावेरकडे सूर थोडा बदलतो, पण चालवून घे. तीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री ट्रेडचा निदेशक होतो, माझी पोरं तुझ्याच वयाची आहेत, म्हणून सरळ 'तू' म्हणतो.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. 'इलेक्ट्रिशियन (जनरल)' आणि पुढे ३४११११ हा आकडा. एजंट इथे खोटं बोललेला नाही. तुझा ट्रेड ऑस्ट्रेलियाच्या यादीत खरोखर आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून तिथे 'कोअर स्किल्स ऑक्युपेशन लिस्ट' लागू झाली. तिच्यात ४५६ व्यवसाय आहेत आणि त्यात तुझा आहे. गडबड त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. 'त्यामुळे पीआर पक्की' मधलं 'त्यामुळे' हा शब्द साडेचार लाखांना विकला जातोय.

तुझ्या वडिलांना हे एका मिनिटात कळेल. त्यांना विचार, जळगाव जिल्ह्यात केळी फळपीक विम्याच्या यादीत आहे की नाही? आहे. मग दरवर्षी प्रत्येकाला विम्याचे पैसे मिळतात का? हप्ता मुदतीत भरलेला लागतो, सातबारा आणि पीक पाहणी जुळावी लागते, आणि तुमच्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर तापमानाने किंवा वाऱ्याने ठरलेली मर्यादा ओलांडावी लागते. शेजारच्या मंडळाला मिळाले आणि आपल्याला नाही, असं त्यांनी आयुष्यात दोन-चारदा तरी पाहिलं असेल. केळी यादीत नसती तर अर्जच करता आला नसता. यादीचा उपयोग तेवढाच. व्हिसाची यादीही तशीच आहे. तुझं काम त्यांना हवंय, एवढं ती सांगते. तू हवास की नाही, हे ती सांगत नाही.

आणि यादी काही दगडावरची रेघ नाही. एप्रिल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाने नोकरीसाठीच्या जुन्या ४५७ व्हिसाच्या यादीतून एका झटक्यात २१६ व्यवसाय काढून टाकले. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून केअर वर्कर घेणं बंद केलं. त्या आधी त्याच कामाच्या स्पॉन्सरशिपसाठी लाखो रुपये मोजून बसलेली माणसं होती. तेव्हा फोटोतली यादी कधीची, हा प्रश्न रास्त आहे. ती एजंटच्या व्हॉट्सॲपवर बघू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या होम अफेअर्स खात्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसते.

आता एजंटने तुला दोन वेगळ्या गाड्यांचं एकच तिकीट कसं दाखवलं ते बघ.

'कंपनी स्पॉन्सर करेल' ही एक गाडी. तिचं नाव स्किल्स इन डिमांड व्हिसा, क्रमांक ४८२. तिथला मालक आधी सरकारमान्य स्पॉन्सर होतो, जागेची जाहिरात देतो, तिथलं माणूस मिळत नाही हे दाखवतो आणि मग तुझं नाव पुढे करतो. या व्हिसाला पगाराचा तळ ठरलेला आहे. १ जुलै २०२५ पासून तो वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाला, म्हणजे आपल्या पैशात चाळीस लाखांच्या वर, आणि तो दर जुलैला बदलतो. तुझ्याकडून मागच्या पाच वर्षांत एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आणि आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेच्या प्रत्येक भागात किमान ५ गुण मागतात. हा व्हिसा चार वर्षांपर्यंतचा. ही पीआर नाही. दोन वर्षं स्पॉन्सरकडे काम केल्यावर मालकाने पुन्हा नाव पुढे केलं, तर १८६ नावाच्या व्हिसावर पीआर मिळू शकते.

'पीआर' ही दुसरी गाडी. १८९, १९० आणि ४९१ हे तिचे डबे. यात मालक लागत नाही, नोकरी लागत नाही, गुण लागतात. त्यामुळे 'कंपनी स्पॉन्सर करेल आणि पीआर येईल, वर्षात' असं एका श्वासात सांगणाऱ्याला साधा प्रश्न विचार: भाऊ, कोणत्या क्रमांकाचा व्हिसा? आकडा तोंडी नको, कागदावर लिहून दे म्हणावं. माझ्या अनुभवात निम्मे एजंट इथेच चहा मागवतात आणि विषय बदलतात.

स्पॉन्सरशिपबद्दल एक गोष्ट तर भिंतीवर लिहून ठेव. डिसेंबर २०१५ पासून ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे घेणं हा गुन्हा आहे, आणि देणाराही सुटत नाही. दंड होतो, व्हिसा रद्द होऊ शकतो. मालकाला जो प्रशिक्षण निधी सरकारजमा करावा लागतो, तोही त्याने तुझ्याकडून वसूल करायचा नसतो. म्हणजे साडेचार लाखांतला एक रुपयाही 'कंपनीला द्यावा लागतो' म्हणून असेल, तर बोलणं तिथेच थांबव.

आता गुण. वही काढ.

किमान ६५ लागतात. तुझं वय २९, त्याचे ३०. पंचवीस ते बत्तीस या वयाला सगळ्यात जास्त गुण आहेत, तेहतीस पूर्ण झाली की २५ होतात. म्हणजे हातात तीन-चार वर्षं आहेत. 'पुढच्या महिन्यात कोटा संपतो' हे एजंटचं घड्याळ, तुझं नव्हे. आयटीआयचं प्रमाणपत्र मान्य झालं तर १०. अनुभव तीन ते पाच वर्षांना ५, पाच ते आठला १०, आठच्या पुढे १५. तू सात वर्षं लिहिलीस, म्हणजे मनात १० धरले असशील. मी ५ धरतो, का ते पुढे सांगतो. इंग्रजीत आयईएलटीएसच्या चारही भागांत ६ आले तर शून्य गुण, फक्त आत येण्याची परवानगी. चारही भागांत ७ आले तर १०, आणि ८ आले तर २०. पत्नीला नुसतं इंग्रजी जमलं तर तुला ५. तिचं कामही तिथल्या संस्थेच्या मूल्यांकनात उतरलं तर १०.

तीस अधिक दहा अधिक पाच, इंग्रजीचं शून्य, पत्नीचे पाच. पन्नास झाले. १९० व्हिसासाठी एखाद्या राज्याने नाव पुढे केलं तर ५ मिळतात, ४९१ साठी १५. म्हणजे आज तुझ्या जिवावर ६५ गाठायला एकच वाट उरते, ४९१ ची. ही वाट वाईट नाही. पाच वर्षांचा व्हिसा, आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकीच्या भागात राहायचं. पर्थ आणि ॲडलेडसुद्धा त्यात बसतात, म्हणजे रानात पाठवत नाहीत. तीन वर्षं तिथे राहून कमावलं, कर भरला, की १९१ वर पीआरचा अर्ज. पण प्रत्येक राज्याची स्वतःची यादी असते, स्वतःच्या अटी असतात, जागा मोजक्या असतात आणि हिशोब जुलै ते जूनचा. ६५ ही उंबऱ्याची उंची आहे. आत किती जणांना बोलवायचं ते त्या वर्षी ठरतं.

इंग्रजी ६ वरून ७ वर नेलंस तर हेच पन्नास साठ होतात. सगळ्या हिशोबात तुझ्या स्वतःच्या हातात असलेला मोठा आकडा हाच. परीक्षेची फी अठरा हजारांच्या आसपास आहे. दीड लाख ॲडव्हान्स देण्याआधी हे अठरा हजार आणि आठ-दहा महिन्यांची संध्याकाळ खर्च कर. जळगावला क्लास आहेत, पण पाठ केलेले निबंध घेऊन जाऊ नकोस, तिथे ते ओळखतात. एक उपाय फुकटचा आहे: कारखान्यातल्या मशिनचं मॅन्युअल रोज दोन पानं मोठ्याने वाच, आणि आज काय बिघाड झाला ते इंग्रजीत दहा ओळी लिही. माझ्या एका विद्यार्थ्याने सव्वा वर्ष हेच केलं. त्याचं इंग्रजी साहेबाचं झालं नाही, पण कामाचं झालं.

आता अनुभवाचे ५ च का धरले? हा या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि एजंट यावर एक शब्द बोललेला नाही.

तू इलेक्ट्रिशियन आहेस हे तू ठरवत नाहीस, मी ठरवत नाही, व्हिसा अधिकारीही ठरवत नाही. ते ठरवते ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही संस्था. आधी कागद तपासतात, मग प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावतात. कामाची मला तुझी चिंता नाही. सात वर्षं मेंटेनन्स केलेल्या पोराला पॅनल उघडून फॉल्ट काढता येतो. त्यांच्याकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, वीज आपल्यासारखीच झटका देते. चिंता आहे कागदांची. आपल्या एमआयडीसीत माणूस काम एक करतो आणि कागदावर दुसराच असतो.

तुझी अडीच वर्षं ठेकेदाराकडे गेली. त्या काळात पगार रोख होता की खात्यात? पीएफ कापला जायचा का, आणि कापलेला भरला जायचा का? पासबुक काढून बघ, आजच, मोबाइलवर निघतं. ठेकेदाराने तुला 'हेल्पर' म्हणून दाखवलं असेल तर ती अडीच वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून मोजली जाणं कठीण. कंपनीच्या हजेरीवर आल्यावर तुझ्या पगाराच्या स्लिपवर हुद्दा काय आहे? 'ऑपरेटर' आहे का? चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सवाल्याला ऑपरेटरच्या खात्यात टाकायची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे, हिशोबाला सोपं पडतं म्हणून. तिथे तुझं 'इलेक्ट्रिशियन' असणं कागदावरून गायब होतं. त्यातही मूल्यांकन करणारे सुरुवातीची काही वर्षं 'हात बसण्याची' म्हणून बाजूला काढू शकतात. गुण त्यानंतरच्या वर्षांचे मोजतात. म्हणून मी ५ धरले. १० निघाले तर पेढे आण.

तेव्हा पहिलं काम एजंटच्या ऑफिसात नाही, तुझ्याच कारखान्याच्या ऑफिसात आहे. मालकाकडून किंवा मॅनेजरकडून लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घे. 'मेहनती व प्रामाणिक कामगार' असल्या दाखल्याला तिथे कोणी विचारत नाही. त्यात नोकरीची तारीख हवी, हुद्दा हवा, आठवड्याचे तास हवेत, आणि तू रोज काय करतोस ते हवं: एक्सट्रूडरचं पॅनल वायरिंग, मोटरची जोडणी, स्टार्टर, अर्थिंगची तपासणी, इन्सुलेशन टेस्ट, जे खरंच करतोस ते. खाली सही करणाऱ्याचं नाव आणि फोन, कारण फोन येतो. जोडीला पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचा उतारा. आणि आजपासून काम करताना फोटो आणि व्हिडिओ काढून ठेव. हेल्मेट, ग्लोव्हज घालून काढ म्हणजे झालं. चप्पल घालून पॅनलमध्ये हात घातलेला फोटो पाठवलास तर तुझा निदेशक म्हणून लाज मला वाटेल.

वायरमनचा परवाना काढलेला नसेल तर तोही काढ. इथे कामाला येतो आणि मूल्यांकनात तुझी बाजू धरतो. सगळ्या कागदांवरचं नावही एकदा ताडून बघ. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रात वडिलांचं नाव गाळलेलं, हे नेहमीचं. ते राजपत्राने, प्रतिज्ञापत्राने आत्ता सुटतं. फाइल अर्ध्यात असताना सुटत नाही.

आणि 'दाखल्यात कमी असेल तर आम्ही बघून घेऊ'? त्याचा अर्थ तुला कळला आहे, म्हणून तर तू ते अवतरणात लिहिलंस. खोटा कागद सापडला तर ऑस्ट्रेलिया अर्ज नाकारते आणि वर तीन वर्षं दार बंद करते. ओळखीच्या कागदात खोट असेल तर दहा वर्षं. आणि दार तुझ्यासाठी बंद होतं, त्याच्यासाठी नाही. तो त्याच टेबलावर पुढचा यावलचा पोरगा बसवतो.

आणखी एक, जे कोणी आधी सांगत नाही. तुझ्या ट्रेडचं मूल्यांकन पास झालं, व्हिसा मिळाला, विमानातून उतरलास, तरी दुसऱ्या दिवशी तू तिथे इलेक्ट्रिशियन नसतोस. तिथे परवान्याशिवाय कोणी वायरला हात लावत नाही. बाहेरून आलेल्याला आधी तात्पुरता परवाना, मग दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम, त्यांच्या वायरिंगच्या नियमांचं जादा प्रशिक्षण, आणि त्यानंतर पूर्ण परवाना. परवाना देतं राज्य, म्हणून राज्य बदललं की नियमही थोडे बदलतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष पगार कमी, खर्च पूर्ण, असं धरून चाल. वेल्डर, फिटर यांना हा परवान्याचा फेरा असा नाही. माझ्या जोडारी (फिटर) ट्रेडच्या मित्राचा मुलगा तिथे आठवड्यात कामाला लागला आणि त्याच वर्षी गेलेला वीजतंत्री सहा महिने गोदामात खोकी उचलत होता. दोघांचा ट्रेड यादीतच होता.

जर्मनीबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या वयाला ती वाट बघण्यासारखी आहे. १ जून २०२४ पासून तिथे 'चान्सनकार्ट' सुरू झालं. दोन वर्षांचा सरकारमान्य कोर्स असलेला माणूस सहा गुण जमवून वर्षभर तिथे जाऊन काम शोधू शकतो. वय पस्तिशीच्या आत असलं तर दोन गुण, मागच्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव दाखवता आला तर तीन, आणि जर्मन भाषेत ए-टू पातळी गाठली तर एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर न्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून आपल्याकडे जर्मनच्या क्लासचे फलक दिसू लागले. पण हे कार्ड काम शोधायला जायचं आहे, काम मिळाल्याचं नाही. वर्षभराच्या खर्चाचे युरो आधी खात्यात अडकवून ठेवावे लागतात, आणि भाषा नसेल तर तिथला फोरमन तुला काय सांगणार आणि तू काय करणार? इथेही पुन्हा अनुभवाच्या त्याच कागदांवर गाडी अडते.

आता तुझ्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो जे तू मुलीच्या वयाच्या मागे टाकून दिलंस. 'पत्नी बी.एस्सी. नर्सिंग.'

भाऊ, तुझ्या घरातला मजबूत अर्ज तुझा नाही, तिचा आहे.

तिचे गुण मांडू. वय तू लिहिलं नाहीस, पंचवीस ते बत्तीसमध्ये असेल तर ३०. पदवीचे १५. चार वर्षांच्या अनुभवाचे ५. इंग्रजीत चारही भागांत ७ आले तर १०. तू नुसता ६ पर्यंत पोचलास तरी तिला तुझ्यामुळे ५. पासष्ट झाले, राज्याचा एकही गुण न घेता. तुझा ट्रेडही मूल्यांकनात उतरला तर सत्तर. नर्स त्या ४५६ च्या यादीतही आहे आणि पीआरच्या यादीतही. ती अर्जदार झाली तर तू आणि मुलगी कुटुंब म्हणून त्याच व्हिसावर जाता आणि तुलाही काम करायची मोकळीक असते. वायरला हात लावायला परवाना लागेलच, पण तो घर चालू असताना काढता येईल.

तिची वाट सोपी आहे असं म्हणत नाही. भारतात शिकलेल्या नर्सला तिथल्या नोंदणीसाठी एनसीएलईएक्स ही संगणकावरची परीक्षा द्यावी लागते, ती भारतातही देता येते. ती पास झाली की ऑस्ट्रेलियाला जाऊन ओस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा, जिची फीच ४,००० डॉलर आहे, शिवाय जाण्या-येण्याचा खर्च. इंग्रजीत एक खाच आहे: नोंदणी करणारी संस्था लेखनात साडेसहा चालवून घेते, पण गुणांच्या तक्त्यातले १० हवे असतील तर लेखनातही ७ च लागतात. साडेसहावर खूश होऊन थांबलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. रात्रपाळी, दोन वर्षांची लेक आणि हा अभ्यास, हे वर्ष-दीड वर्ष तिला एकटीने ओढता येणार नाही. रात्री लेकीला कोण झोपवणार, हे आधी घरात ठरवा.

मला माहीत आहे पुढचं वाक्य कुठून येईल. 'सून पुढे आणि पोरगा तिच्या मागे?' केरळातल्या कितीतरी घरांनी हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सोडवला आणि त्या नर्सांच्या पगारावर घरं बांधली. आपल्याकडे अर्धा खानदेश सुरतेला उधना-लिंबायतला गेला, तेव्हाही बाई मागून गेली आणि तिने घरच चालवलं नाही, साड्यांना टिकल्या लावून भाडंही भरलं. कोण पुढे, कोण मागे, हे स्टेशनवर ठरतं. घरखर्चाला ते कळत नाही. पण एक विचारतो: हे तिला विचारलंस का? तिला जायचं आहे का? पूर्ण पत्रात तिचं मत नाही.

एजंट मुळीच नको, असं माझं म्हणणं नाही. कागद जुळवायला मदत लागते. पण ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीकृत सल्लागाराला सात आकडी क्रमांक असतो आणि तो त्यांच्या सरकारी नोंदवहीत कोणालाही तपासता येतो. इथला एजंट म्हणेल, आम्ही त्यांच्यामार्फत करतो. मग क्रमांक दे म्हणावं. तो 'नोकरी लावून देतो' म्हणत असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची भारत सरकारकडे भरती एजंट म्हणून नोंदणी हवी, आणि असा एजंट तुझ्याकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो. भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव तपास. तिथे नाव नसेल तर तो म्हणेल, 'आम्ही भरती करत नाही, फक्त कन्सल्टन्सी.' ठीक. मग 'कंपनी स्पॉन्सर करेल' हे कोणाच्या भरवशावर सांगितलं?

आणि ईमेल. हसू नकोस. माझ्या एका विद्यार्थ्याची पूर्ण फाइल एजंटने स्वतःच्या ईमेलवर उघडली होती, पासवर्ड त्याच्याकडे. व्हिसासाठी अर्ज करा असं ऑस्ट्रेलियाचं निमंत्रण आलं, ते या पोराला कळलंच नाही, कारण तिसरा हप्ता बाकी होता. निमंत्रण आलं की अर्जाला साठ दिवस मिळतात. ते गेले. दार उघडं होतं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. म्हणून ईमेल तुझा, पासवर्ड तुझा, सरकारी फी तुझ्या कार्डावरून थेट. गुणांच्या व्हिसासाठी इच्छा नोंदवणं तर पूर्ण फुकट आहे, आणि नोंद दोन वर्षं टिकते. 'फाइल टाकायचे' म्हणून जे घेतात ते नेमके कशाचे, ते बिलावर लिहून घे. १८९ ची मुख्य फी जुलै २०२५ पासून ४,९१० डॉलर आहे, जोडीदाराची वेगळी, आणि ती निमंत्रण आल्यावर भरायची असते, पहिल्या दिवशी नाही. मूळ पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या कपाटात ठेवू नकोस.

केळीचा एकर गहाण टाकू नका. या कामाला एकदम साडेचार लाख कुठेच लागत नाहीत, टप्प्याटप्प्याने लागतात, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं. इंग्रजी अडलं तर अठरा हजार गेले. मूल्यांकनात कागद अडले तर ती फी गेली. गहाणाचं व्याज मात्र थांबत नाही. वर एखादं वादळ केळीवर आलं तर आठ महिन्यांचा बाग एका संध्याकाळी आडवा होतो, हे तुझ्या वडिलांना मी सांगायला नको.

या महिन्यात एवढंच कर: पीएफचं पासबुक काढ, स्लिपवरचा हुद्दा वाच, आणि रात्री जेवणानंतर हे पत्र बायकोच्या हातात दे. पुढचं पत्र तिचं येऊ दे. त्यात तिने लिहावं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तिची नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण कधी केलं, हॉस्पिटल किती खाटांचं आहे, ती कोणत्या वॉर्डात काम करते, आणि तिच्या पगाराच्या स्लिपवर 'स्टाफ नर्स' लिहिलंय की दुसरं काही.